मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. ग्रामसभेने स्वतःच्या सहीने बांबूचा वाहतूक परवाना देण्याची सुरुवात येथूनच झाली. शेजारच्या गावाच्या नावासह ‘मेंढा-लेखा’ असा उल्लेख रूढ आहे; प्रत्यक्षात लेखा हे वेगळे गाव असून मेंढा त्याच्या गटग्रामपंचायतीत मोडत असे. हा भेद वाटतो तितका किरकोळ नाही. पंचायतीच्या जुन्या कायद्याप्रमाणे ग्रामसभा असते ती गटग्रामपंचायतीची, म्हणजे तीनचार गावांची मिळून. मेंढ्याच्या लोकांनी आपल्या एका वस्तीच्या बैठकीलाच ग्रामसभा मानले आणि तसा कारभार सुरू केला, तेव्हा त्याला कायद्याचा आधार नव्हता. तो पुढे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी दिला.

स्थान व शिवार : गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ३० किमी. लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर. बहुतेक सर्व कुटुंबे गोंड. घरात गोंडी, बाजारात आणि कचेरीत मराठी. मुख्य पीक भात. शिवाराचा फार मोठा भाग जंगलाचा असून सामूहिक हक्काखाली आलेले वनक्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, आवळा व बांबू हे प्रमुख वृक्ष व वनस्पती. मोहफुले, चारोळी, हिरडा, डिंक व मध गोळा करणे हा शेतीइतकाच, दुष्काळी सालात शेतीहून महत्त्वाचा, उपजीविकेचा आधार.

निस्तार : या भागातील जंगले पूर्वी जमीनदारांकडे होती. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने तेथील १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली आणि जंगल शासनाच्या ताब्यात गेले. गावकऱ्यांच्या सरपण, चराई, घरबांधणीचे लाकूड व बांबू यांवरील वहिवाटीच्या हक्कांना निस्तार म्हणतात. ते निस्तारपत्रकात नोंदले गेले. पुढे वनविभागाचे नियम कडक होत गेले आणि पत्रकातला हक्क व नाक्यावरचा व्यवहार यांत अंतर पडले : घराला वासा आणणारा चोर ठरू लागला, तर बल्लारपूरच्या कागद कारखान्याला त्याच जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत राहिला. मेंढ्याच्या पुढील सर्व घडामोडींचे मूळ या विसंगतीत आहे. सर्वसाधारण लेखनात ते गावाच्या ‘जागृती’त शोधले जाते, पण निस्तारपत्रकाची प्रत मागून घेऊन ती वाचणे, हीच त्या जागृतीची पहिली पायरी होती, हे विसरले जाते.

धरणविरोध व घोटुल : गोदावरीवरील इचंपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् या नियोजित प्रकल्पांविरुद्ध १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लाल श्यामशाह व बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. प्रकल्प पुढे बारगळले. मेंढ्याचे लोक आंदोलनात सामील होते, आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा गावाशी संबंध याच काळातला. ते जयप्रकाशप्रणीत छात्र-युवा संघर्ष वाहिनीतून आलेले कार्यकर्ते. गावातून पुढे आलेले देवाजी तोफा आणि मोहनभाई यांच्यापैकी श्रेय कोणाचे किती, याविषयी लिहिणाऱ्यांत मतभिन्नता आढळते. गावात हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

याच दशकात घोटुलाचा प्रसंग घडला. घोटुल म्हणजे गावातील तरुण मुलामुलींनी संध्याकाळी जमण्याची, नाचगाण्याची आणि गावरीत शिकण्याची जागा. मोडकळीला आलेले घोटुल गावाने सागाचे लाकूड आणून पुन्हा उभारले. लाकूड विनापरवाना तोडल्याचे कारण दाखवून वनविभागाने ते पाडले. परिसरातील गावे जमली, निषेध झाला आणि घोटुल पुन्हा बांधले गेले. आसपासच्या काही गावांनीही आपापली घोटुले उभी केली. या घटनेकडे सांस्कृतिक अस्मितेचा प्रश्न म्हणून पाहण्याची पद्धत आहे. तथापि वाद लाकडाचा, म्हणजे पुन्हा निस्ताराचाच होता.

कारभार : निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, ही येथील ग्रामसभेची ओळख. एका घराचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. विरोध करणाऱ्याला गप्प करण्यापेक्षा त्याची शंका फिटेपर्यंत थांबणे स्वस्त पडते, असा अनुभव. काही विषय त्यामुळे कित्येक महिने लांबतात. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. त्यात निर्णय होत नाहीत. कायदा, शासन निर्णय, जंगलाची मोजणी अशा विषयांवर नुसती चर्चा होते आणि बाहेरच्या जाणकारांनाही बसता येते. ग्रामसभेत मात्र बाहेरच्याला मत नाही. ही वाटणी मेंढ्याच्या पद्धतीचा गाभा आहे. तिची नक्कल करू पाहणाऱ्यांनी बहुधा अभ्यासगट वगळला आणि घोषणा तेवढी उचलली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही ती घोषणा. ती वेगळेपणाची नसून वाटणीची आहे : पहिल्या अर्ध्या भागात वरचे सरकार आपले मानलेले आहे.

१९९० च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली. ती विरळ, उजाड जंगलांसाठी होती. मेंढ्याचे जंगल चांगले राखलेले असल्याने गाव नियमात बसेना. राखले म्हणून वगळले, या न्यायाला गावाने हरकत घेतली आणि पाठपुरावा करून योजनेत प्रवेश मिळवला. मधमाश्या न मारता, पोळे न जाळता मध काढण्याचे प्रयोगही येथे झाले.

स्त्रिया : ग्रामसभेत पुरुषांच्या बरोबरीने बसतात. दारूबंदीच्या निर्णयात त्यांचा पुढाकार होता.

वनहक्क व बांबूचा वाद : वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) नुसार सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क आहे. त्याखाली २००९ मध्ये मेंढा आणि त्याच जिल्ह्यातील मर्दा या गावांचे दावे मान्य झाले. पहिला मान कोणत्या गावाचा, यात शिरण्याचे कारण नाही. दोन्ही दावे बरोबरीने चालले.

हक्क मिळाला, पण बांबू जागचा हलेना. ग्रामसभेने बांबू विकायला काढल्यावर वनविभागाने वाहतूक परवाना देण्यास नकार दिला. परवाना म्हणजे छापील पुस्तकातील एक पान : मालाचा प्रकार, नग वा बंडले, कोठून कोठे, गाडीचा क्रमांक, मुदत, सही आणि शिक्का. एवढा कागद नसेल तर नाक्यावर गाडी अडते, माल जप्त होतो आणि कोणताही व्यापारी बोली लावत नाही. वनविभागाची बाजू निव्वळ आडमुठेपणाची नव्हती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबू धरलेला आहे, म्हणून बांबू हे इमारती लाकूड, आणि लाकडावर गावाचा हक्क नाही, असा युक्तिवाद होता. ग्रामसभेचे उत्तर असे की, वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येतच बांबूचे नाव आहे. वनस्पतिशास्त्र ग्रामसभेच्या बाजूचे. बांबू गवताच्या कुळातला. तरी हा वाद वनस्पतिशास्त्राचा नव्हता. ज्याच्या हाती पुस्तक त्याच्या हाती बाजार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले गेले. वृत्तपत्रांनी या समारंभाला मोठी जागा दिली. कायद्याच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट दीड वर्षाने घडली : सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती देईल, असे ठरले. मेंढ्याची एका गावापुरती सवलत सर्व देशाचा नियम झाली. १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेतून बांबू २०१७ मध्ये वगळला गेला, पण तो वनक्षेत्राबाहेरील बांबूपुरता.

तोडीची शिस्त : चालू वर्षाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू राखून फक्त पक्के झालेले तोडायचे, घाव जमिनीलगत घालायचा, बेटाचा मधला भाग मोकळा करायचा, हे बांबूतोडीचे सर्वमान्य शास्त्र. कंत्राटी तोडीत कडेचे, हाताशी येणारे बांबू आधी जातात व बेट आतून गुदमरते. कोवळे कोंब म्हणजे वास्ते. त्यांची भाजी विदर्भात आवडीची, त्यामुळे वास्ते राखणे हा गावाच्या जिभेवर घातलेला निर्बंधही असतो.

ग्रामदान : विनोबांच्या ग्रामदान कल्पनेवर आधारलेला महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा. तो बहुतांशी पुस्तकात राहिला होता. २०१३ मध्ये मेंढ्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या खाजगी जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. कसण्याचा व वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहतो; गावाबाहेर जमीन विकता येत नाही. जंगलाचा हक्क मिळाल्यावर शेतीची मालकीही सोडणाऱ्या या निर्णयाबद्दल बाहेर कौतुकाबरोबर शंकाही व्यक्त झाल्या. प्रशासकीय पूर्तता वर्षानुवर्षे रेंगाळली आणि त्यासाठी गावाला उच्च न्यायालयात जावे लागले.

लेखन : मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे मराठीतील विस्तृत पुस्तक. ‘कल्पवृक्ष’ या पुण्याच्या संस्थेने गावाच्या स्वशासनाचा व वनव्यवस्थापनाचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. देवाजींवर व बाहेरच्या कार्यकर्त्यांवर भरपूर लिहिले गेले. गोंडी गाणी, पेन (देव) पूजा आणि भूमक (गावाचा पुजारी) यांच्याविषयी त्या मानाने थोडे.

प्रसार : मेंढ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात एक हजाराहून अधिक सामूहिक वनहक्क दावे मान्य झाले. तेंदू व बांबू यांचे लिलाव आता तेथील अनेक ग्रामसभा स्वतः किंवा महासंघ करून काढतात. व्यापाऱ्यांची थकबाकी, हिशेबाचे प्रशिक्षण आणि तेंदूच्या भावातील चढउतार या त्यांच्या अडचणी आहेत. मेंढ्याचा अनुभव तेथे काही अंशीच लागू पडतो, कारण बहुतेक ग्रामसभांना हक्काचा कागद आधी मिळाला आणि सभा भरवण्याची सवय नंतर लावून घ्यावी लागली.