गाडी विकली, पण नावावरून गेली का?

गेले दोन रविवार आमच्या घरात एकच विषय चालू आहे. सेकंडहँड गाडी डीलरकडून घ्यायची की थेट मालकाकडून? इथे खांदेश्वरलाच, खांदा कॉलनीत राहणारे एक रिटायर्ड काका आपली २०१७ ची वॅगन आर विकतायत, ३ लाख ४० हजारांना. तशीच गाडी हायवेजवळच्या एका डीलरकडे उभी आहे, चकाचक पॉलिश मारून, ३ लाख ८५ हजारांना. मी लगेच एक्सेल शीट बनवली (सॉफ्टवेअरवाला दुसरं काय करणार!). बाबांनी ती उघडूनसुद्धा बघितली नाही. एवढंच म्हणाले, "कुणाकडून पण घे, नावावर नीट करून घे."

बाबा असं का म्हणाले ते पुढे येईलच. पण त्या निमित्ताने मी जुन्या गाड्यांच्या बाजाराचा इतिहास खणत बसलो, आणि वाटलं तेवढा तो कंटाळवाणा नाहीये.

मुंबईत गाड्या जोडायचा उद्योग तसा जुना. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. मग १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे थारा नाही, गाडी इथेच बनली पाहिजे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरल्या मोजून तीन कंपन्यांच्या गाड्या: अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते परमिटवर, किमतीवर सरकारचं नियंत्रण. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

याचा परिणाम गंमतशीर झाला. शोरूममधून नुकतीच निघालेली फियाट बाहेर नव्यापेक्षा जास्त किमतीला जायची. 'ऑन' हा शब्द आपण फ्लॅटच्या संदर्भात ऐकतो, तोच प्रकार. त्या बाजारात गाडी कशी आहे हा प्रश्न दुय्यम होता, मिळतेय हेच खूप. शिवाय मॉडेल वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे नाक्यावरच्या मेकॅनिकला सगळं पाठ. विकणाराही बहुतेक ओळखीतलाच, ऑफिसातले साहेब नाहीतर फॅमिली डॉक्टर. मध्ये दलाल असायचा, पण तो गाठ घालून द्यायचा आणि कमिशन घेऊन बाजूला व्हायचा.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. १९९३ मध्ये कार उद्योगाचं लायसन्सिंग गेलं, पाठोपाठ परदेशी कंपन्या आल्या, बँका कर्ज द्यायला लागल्या. नवी गाडी हवी तेव्हा मिळू लागल्यावर जुन्या गाडीचा 'ऑन' संपला. आणि आता खरा प्रश्न उभा राहिला: समोरच्या अनोळखी माणसाची गाडी चांगली आहे की रडकी, हे ओळखायचं कसं?

या प्रश्नावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटासा निबंध लिहिला होता. म्हणणं अगदी साधं. समजा बाजारातल्या अर्ध्या गाड्या ४ लाखांच्या लायकीच्या आहेत आणि अर्ध्या २ लाखांच्या. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधले ३ लाख देऊ करतो. मग ४ लाखांची गाडी असलेला म्हणतो, जाऊ दे, नाही विकत. बाजारात उरतात रडक्या गाड्या! हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये भारतात होते, आणि निबंधात आपल्याकडची उदाहरणंही आहेत. त्यातलं एक म्हणजे बाजारातल्या तांदळातले खडे निवडत बसणारी गृहिणी. आमच्या आजीला नोबेल नाही मिळालं, पण हा सिद्धांत तिला तोंडपाठ होता :)

यावर तोडगा काय, तर हमी, ब्रँड आणि साखळी दुकानं. म्हणजे कुणीतरी आपलं नाव पणाला लावायचं. योगायोग बघा, अकरलॉफना नोबेल मिळालं २००१ साली, आणि मारुतीने जुन्या गाड्यांसाठी 'ट्रू व्हॅल्यू' सुरू केलं तेही २००१ सालीच. डीलरला आपण जे जास्तीचे पैसे देतो ते या नावाचे.

पण ग्यानबाची मेख इथेच आहे. दुकानावर डीलरचं नाव असायचं, गाडीच्या कागदावर मात्र नसायचं. विकणाऱ्याकडून २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवायची आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी उभी करायची, अशी सर्रास पद्धत. डीलरचं नाव मध्ये लागलं तर आरसीवर एक मालक वाढणार आणि भाव पडणार, हे कारण. कायदा मात्र वेगळं सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत.

आता बाबांची गोष्ट. २०११ मध्ये त्यांनी आमची मारुती ८०० एका डीलरला विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, चेक घेतला, पेढे आणले. २०१४ मध्ये अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. आमच्या जुन्या गाडीने कुणालातरी उडवलं होतं, आणि कागदावर मालक अजून बाबाच. डीलर म्हणाला, मी तर कधीच पुढे विकली. विमा चालू होता म्हणून भरपाई आमच्या खिशातून गेली नाही. पण वकील, तारखा, कामावरच्या रजा... बाबांची झोप वर्षभर उडाली होती. आणि जो माणूस जखमी झाला, त्याला तर नक्की मालक कोण हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली असेल. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अशाच एका प्रकरणात, 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. तिथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरली होती. न्यायालय म्हणालं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीमागे धावायचं नाही. वाचून आधी रागच आला. मग पटलं.

खरी दुरुस्ती डिसेंबर २०२२ मध्ये झाली. केंद्राने नियम बदलले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आता डीलरला आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात देताना २९-सी नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आणि तिथून पुढे ती विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. बाबांच्या वेळी हे असतं तर?

मग आमचं काय ठरलं? काकांची गाडी. डीलरच्या किमतीत त्याचा नफा आणि त्या नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी आहे. त्या बदल्यात तो वॉरंटी देतो, आणि ज्याला मेकॅनिक ओळखीचा नाही त्याने ती जरूर घ्यावी. माझा मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेऊन बघून आला, बँकेचा बोजा उतरलेला आहे, आणि काकांकडे सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली आहेत.

मीच काकांना म्हटलं, शेवटचे २५ हजार गाडी माझ्या नावावर झाली की देतो, आणि आरटीओचं सगळं आपण दोघं मिळून करू. काका जरा बिचकले. मग बाबांनी त्यांना २०१४ ची गोष्ट सांगितली. काका उठले आणि २९ नंबरचा फॉर्म स्वतःच घेऊन आले.

तुमच्या घरातली जुनी गाडी किंवा स्कूटर विकली असेल, तर आज पाच मिनिटं काढून 'वाहन'च्या साइटवर तिचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण आपलं नाव ओळखायला तेवढं पुरतं.