नवरा नावाचा अपवाद

बलात्काराची बातमी आली की आपल्याकडे पहिली मागणी फाशीची होते. आरोपी 'नराधम' ठरतो, म्हणजे तो आपल्यातला नसतो. म्हणून आज एका जुन्या खटल्याबद्दल लिहितोय. त्यातला आरोपी अगदी आपल्यातला होता. नवरा होता.

१८९० साली कोलकात्यात हरिमोहन मैतीवर खटला चालला. त्याची बायको फुलमणी दहा-अकरा वर्षांची. नवऱ्याने केलेल्या संभोगात रक्तस्राव होऊन ती मेली. पण बलात्काराचा आरोप लावताच आला नाही. १८६० च्या दंडसंहितेत संमतीवय १० होतं, आणि दहा वर्षांपुढच्या बायकोवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नव्हती. हरिमोहनला शिक्षा झाली एक वर्ष सक्तमजुरीची.

संमतीवय १२ करायचं विधेयक आलं आणि महाराष्ट्र पेटला. आगरकर कायद्याच्या बाजूने, भांडारकरांनी त्याला शास्त्राधार दिला. टिळक विरोधात. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. मुलींची लग्नं सोळाव्या वर्षापर्यंत करू नयेत, असं त्यांनीच सुचवलं होतं, पण स्वखुशीने. त्यामुळे त्यांना थेट खलनायक ठरवणं मला पटत नाही.

मला त्या वादात वेगळंच दिसतं. बाहेर राज्य साहेबाचं. पुरुषाच्या हुकमतीत उरलं होतं ते घर. तिथेही कायदा शिरला तर आपल्या पुरुषपणाचं काय, ही ती भीती होती. त्या भीतीपुढे एका पोरीचा जीव लहान ठरला.

आणि साहेब तरी कुठे वेगळा होता? नवऱ्याला सूट देणारी दंडसंहिता त्यानेच लिहिलेली. १८८७ मध्ये रखमाबाईंना 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' असा हुकूम मुंबई हायकोर्टातल्या इंग्रज न्यायाधीशानेच दिला. बाकी कशावर नसेल, पण नवऱ्याच्या हक्कावर दोघांचं एकमत होतं.

१९ मार्च १८९१ ला कायदा झाला. वय १२ झालं, सूट मात्र राहिली. पुढे वय वाढत गेलं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने बायकोसाठी ते १५ वरून १८ केलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, त्यातही कलम ६३ मध्ये अठरापुढच्या बायकोबाबत नवऱ्याला सूट आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित बायकांपैकी ८२ टक्के जणींनी नाव घेतलं ते सध्याच्या नवऱ्याचं.

बायकोचं ऐकणाऱ्याला आपण आजही 'बायल्या' म्हणतो. तिचा नकार ऐकणं हा पुरुषाचा कमीपणा, हे पोरं या एका शब्दातून शिकतात. ते बदलायला संसद लागत नाही. कलम ६३ मधली ती सूट काढायला मात्र लागते, आणि त्यासाठी मोर्चा निघालेला मी आपल्या गावात अजून पाहिलेला नाही.