भाड्याची लक्ष्मणरेषा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. घर भाड्याने घेऊन पाहावे, असे मात्र कोणी सांगितले नाही. ही म्हण रूढ झाली त्या काळी शहरात बिऱ्हाड करून राहणारा माणूस विरळा असावा. पुढे गिरण्या आल्या, कारखाने आले, शहरे फुगली आणि कष्टकऱ्याच्या मिळकतीतला मोठा वाटा घरमालकाच्या हाती जाऊ लागला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या शहरापुढे एक प्रश्न उभा आहे. मिळकत तोकडी आणि भाडे भरमसाट, अशा वेळी सरकारने मर्यादा घालायची ती कोणाला? भाडे घेणाऱ्याला की देणाऱ्याला? ब्रिटनने या प्रश्नाला शंभर वर्षांच्या अंतराने दोन उलट उत्तरे दिली. ती हकीकत मला मोठी उद्बोधक वाटते, म्हणून फराळाच्या ताटाबरोबर ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिले उत्तर १९१५ सालचे. महायुद्ध पेटले होते आणि स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजे व दारूगोळा तयार करण्यासाठी कामगारांची रीघ लागली होती. माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. घरमालकांनी संधी साधून भाडी चढवली. कित्येकींचे नवरे रणांगणावर होते, आणि इकडे बायकामुलांच्या हाती घर खाली करण्याच्या नोटिसा पडू लागल्या. तेव्हा गोव्हन भागातल्या बायकांनी मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने वाढीव भाडे न देण्याचा निर्धार केला. बेलिफ आला की घंटा वाजायची, जिन्यात बायकांची गर्दी व्हायची आणि त्या बिचाऱ्यावर पिठाचा मारा व्हायचा. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार भाडेकरू या लढ्यात उतरले. १७ नोव्हेंबरला खटले सुनावणीस निघाले, तेव्हा कारखान्यांतले कामगारही कोर्टाबाहेर येऊन उभे राहिले. सरकारने धोका ओळखला आणि वर्ष संपण्याच्या आत कायदा केला. छोट्या घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवण्यात आली. रेषा आखली गेली ती घरमालकाभोवती.

हीच कल्पना लवकरच आपल्या मुंबईतही आली. १९१८ साली इथे युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, आणि पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्याचे बरेवाईट परिणाम मुंबईकराला मी काय सांगावे! गिरणगावातल्या हजारो कुटुंबांना त्या कायद्याने छप्पर टिकवून दिले. पण पागडीचा जन्मही त्याच्याच पोटी झाला. नाममात्र भाड्यात मालक डागडुजी करीना, आणि चाळींच्या भिंती पावसाळ्यागणिक पोखरत गेल्या. भाड्याला कुलूप लावले म्हणजे काम संपले असे होत नाही. त्या कुलपाची किल्ली वर्षानुवर्षे कोणी फिरवली नाही, तर कुलपाबरोबर दारही गंजते.

असो. ब्रिटनकडे परत वळू. १९४२ च्या डिसेंबरात सर विल्यम बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. हे गृहस्थ जन्माने बंगालमधल्या रंगपूरचे. त्यांचे वडील तिकडे न्यायाधीश होते. बेकारी, आजारपण, म्हातारपण या साऱ्यांत माणसाला किमान आधार मिळावा अशी त्यांची योजना होती. अन्न, वस्त्र, जळण यांचा हिशेब त्यांनी बारकाईने मांडला. अडखळले ते एकाच ठिकाणी, घरभाड्यापाशी. भाकरीची किंमत सर्वत्र जवळजवळ सारखी असते, पण तेवढ्याच माणसांच्या घराचे भाडे लंडनमध्ये एक आणि खेड्यात दुसरेच! शेवटी त्यांनी जोडप्यामागे आठवड्याला १० शिलिंग असा सरसकट आकडा धरला. पण गाठ सुटलेली नाही, हे त्यांनी अहवालात मोकळेपणाने लिहून ठेवले.

तरी पुढची काही दशके ती गाठ फारशी काचली नाही. १९४८ पासून गरजू माणसाला साहाय्य देताना त्याचे वाजवी भाडे खरोखर जेवढे असेल तेवढे धरले जाई. शिवाय नगरपालिकांनी बांधलेली लाखो घरे स्वस्त भाड्याने मिळत. हे दोन्ही टेकू पुढे ढिले झाले. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. ती घरे विकली गेली. त्यांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत. १९८८ च्या कायद्याने खासगी घरांच्या नव्या करारांवरचे भाडेनियंत्रण उठले. बाजारभावाने भाडे न परवडणाऱ्यांचे काय, असा प्रश्न आला तेव्हा १९९१ साली गृहनिर्माणमंत्री सर जॉर्ज यंग यांनी पार्लमेंटात सांगितले, की तो भार घरभाडे-साहाय्य उचलील.

भार उचलला गेला खरा, पण भाडी चढत गेली तसतसा सरकारी खर्चही चढत गेला. आणि हा पैसा भाडेकरूच्या नावावर पडत असला, तरी जात होता घरमालकाच्या खिशात. मग २०१० नंतरच्या सरकारने दुसरे उत्तर दिले. भाड्याला हात लावला नाही; साहाय्यालाच मर्यादा घातली. २०११ पासून खासगी घरासाठी मिळणारे साहाय्य एका खोलीच्या निजघरास आठवड्याला २५० पौंड आणि तीन निजखोल्यांच्या घरास ३४० पौंड यांपुढे जाईनासे झाले. २०१३ साली त्यावर आणखी एक झाकण बसले. नोकरी नसलेल्या कुटुंबाला सर्व भत्ते मिळून आठवड्याला ५०० पौंड, म्हणजे वर्षाला २६ हजार, याहून अधिक मिळायचे नाही. पेन्शनर, काही अपंग आणि ठराविक तास काम करणारे एवढे वगळले. कारण असे दिले, की कष्ट करणाऱ्या सर्वसाधारण कुटुंबाच्या मिळकतीहून घरी बसलेल्याला जास्त का मिळावे?

प्रश्न वरवर रास्त वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपणही मुलांना शिकवतोच. पण हिशेब करून पाहा. लंडनमध्ये तीन मुले असलेले एक जोडपे आठवड्याला ३४० पौंड भाडे देते असे धरू. ५०० मधून ते गेल्यावर पाच माणसांच्या अन्नवस्त्राला, दिव्याला नि शेगडीला उरले १६० पौंड. २०१६ साली लंडनची मर्यादा वर्षाला २३ हजार, म्हणजे आठवड्याला सुमारे ४४२ पौंड झाली. भाडे तेच राहिले तरी हाती उरतात १०२. लंडनबाहेर मर्यादा २० हजार. २०२३ च्या एप्रिलात लंडनचा आकडा २५,३२३ करण्यात आला. दहा वर्षांच्या महागाईनंतर केलेली ही वाढ, आणि तरी आकडा २०१३ च्या मर्यादेहून कमीच! शिवाय मोठी मिळकत दिसते ती कागदावर. तिचा सिंहाचा वाटा त्या कुटुंबाच्या हातून नुसता पुढे जातो. याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात.

घर सोडायला भाग पडलेल्यांनी कोर्टाचे दारही ठोठावले. अर्जदारांत घरातल्या छळातून सुटून मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या माता होत्या. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी ही मर्यादा कायदेशीर ठरवली. लेडी हेल आणि लॉर्ड कर या दोघांनी विरुद्ध मत नोंदवले.

मग ही माणसे जातात कुठे? पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागात २०१३ साली वसतिगृहात राहणाऱ्या तरुण मातांना ते सोडायला सांगण्यात आले. लंडनमध्ये परवडेल असे घर नाही, तेव्हा मँचेस्टर, हेस्टिंग्ज किंवा बर्मिंगहॅमला जा, असा सल्ला मिळाला. पोराला क्षणभर सांभाळणारी आई, बहीण, शेजारीण हे सगळे मागे टाकून शेकडो मैल दूर जायचे! त्या गेल्या नाहीत. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी जवळच्याच कार्पेंटर्स वसाहतीतल्या रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांचा ताबा घेतला आणि साऱ्या देशाचे लक्ष वेधले. ग्लासगोच्या जिन्यात पीठ घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांच्या या पणत्याच म्हणायच्या.

रामायणातली लक्ष्मणरेषा आतल्या माणसाच्या रक्षणासाठी होती. १९१५ ची रेषा तशी होती. २०१३ ची रेषा आतल्या माणसालाच बाहेर ढकलते. मुंबईचा अनुभव जमेस धरूनही मला वाटते, की रेषा भाड्याभोवतीच आखावी. मात्र ती दर काही वर्षांनी तपासावी, आणि जोडीला परवडणारी घरे बांधीत राहावे. महागड्या शहरात झाडू मारणारा, दवाखान्यात रात्रपाळी करणारी, पोळ्या लाटणारी, अशी माणसे लागतातच. त्यांच्यातल्या एखाद्याची नोकरी सुटली किंवा कोणी बाळंतीण झाली, तर चार महिन्यांसाठी तिने शहर सोडावे आणि काम मिळताच परत यावे, हे होणे नाही. एकदा उठलेले बिऱ्हाड त्या गल्लीत पुन्हा बसत नाही, आणि मुलांची शाळाही मागेच राहते.