रायफल-दुर्बिणीची नेमजुळणी

शिकारी रायफलवरील दुर्बिणीच्या क्रॉसहेअरचा मध्य आणि गोळी लागण्याची जागा ठरावीक अंतरावर एक करणे म्हणजे नेमजुळणी. नेमबाज याला ‘झिरो करणे’ म्हणतात. झिरो जुळवणे तासाभराचे काम आहे. तो हंगामानुहंगाम टिकवणे अवघड.

रचना : वरच्या टरेटने (फिरवायच्या बटणाने) उंची आणि बाजूच्या टरेटने डावे-उजवे बदलते. टरेट फिरवला की दुर्बिणीतील आतली भिंगनळी स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध सरकते. कोनाचे एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमी.; म्हणून टरेटच्या पाव मिनिटाच्या एका टप्प्याने, म्हणजे क्लिकने, गोळीची जागा सुमारे ७ मिमी. सरकते.

इतिहास : अमेरिकेत वीव्हर ३३० (१९३०) या स्वस्त दुर्बिणीमुळे सामान्य शिकाऱ्यालाही दुर्बीण परवडू लागली. ल्यूपोल्ड कंपनीने १९४७ मध्ये नायट्रोजन भरलेली, आतून वाफ न धरणारी दुर्बीण बाजारात आणली.

झिरो ढळण्याची कारणे : दोष सहसा भिंगांना दिला जातो, पण आधी माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरणारी बैठक व रिंगा, तपासावे. प्रत्येक बाराचा धक्का दुर्बिणीला माउंटमधून सरकवू पाहतो. स्क्रू बसवताना त्यांवरचे आणि भोकांतले तेल पुसून काढतात व टॉर्क रेंचने आवळतात. रिंगांच्या स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून फार आवळल्यास दुर्बिणीची नळी चेपते आणि आतली भिंगनळी अडकून क्लिक दिले तरी हलत नाही. जाणकार स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. लाकडी दस्ता दमट हवेत फुगून रायफलच्या नळीला टेकला तरी नेम बदलतो. ही नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरळ जाते का, एवढे पाहिले तरी हा दोष सापडतो. काडतुसांचा प्रकार, क्वचित उत्पादनाचा लॉट बदलला तरी झिरो पुन्हा पाहावा लागतो. थंडीत गोळीचा वेग घटतो, त्यामुळेही झिरो ढळतो.

तपासणी : रायफलची नळी थंड असताना झाडलेली पहिली गोळी सर्वांत महत्त्वाची, कारण रानात तीच झाडली जाते. एका गोळीवरून टरेट फिरवू नये. निदान तीन गोळ्यांचा गट पाहावा. प्रवासानंतर किंवा रायफल पडल्यास तपासणी टाळू नये. ढळलेल्या झिरोची शिक्षा जखमी होऊन पळणारे जनावर भोगते. नॉर्वेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते : १०० मीटरवर पाच गोळ्या, सर्व ३० सेंमी. वर्तुळात.

झिरोचे अंतर : झिरो किती अंतरावर जुळवावा याबाबत मतभेद आहेत. अमेरिकन शिकार-लेखक जॅक ओ’कॉनर हे .२७० विंचेस्टर काडतुसाची रायफल १०० यार्डांवर तीन इंच वर जुळवत.

भारत : वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीला बंदी आहे; त्यामुळे झिरो करण्याचे काम लष्कर, पोलीस आणि क्रीडा-नेमबाजीत चालते.