जलशुष्कता

शरीरात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारे पाणी वाढले, की रक्तातील व पेशींतील पाणी घटते आणि त्याबरोबर बहुधा क्षारही जातात. या अवस्थेला जलशुष्कता म्हणतात. जुलाब, उलट्या, ताप, उन्हातले कष्ट, भाजणे आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही तिची नेहमीची कारणे. प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते, नवजात अर्भकाच्या सुमारे ७५ टक्के. अर्भकात पाण्याचे प्रमाण जास्त असले तरी साठा लहान असतो. आठ किलोच्या बाळाने ८०० मिलिलिटर पाणी गमावले म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि जोराच्या जुलाबात हे एका दिवसात घडू शकते.

वजनाच्या एक-दोन टक्के पाणी घटते तेव्हा तहान लागते. मेंदूतून सुटणारे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावते, म्हणून लघवी थोडी व गडद पिवळी होते. तोंडाला कोरड पडते, डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात. तूट वाढली की नाडी जलद होते आणि उठून उभे राहताच चक्कर येते. पुढे रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, बोलणे असंबद्ध होते. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचत असल्याने ती निकामी होण्याचा धोका इथेच सुरू होतो.

लहान मुलांत ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, तान्ह्या बाळाची टाळू बसते. बेंबी व कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत व्हायला हवी. दोन सेकंद किंवा अधिक लागले तर जलशुष्कता तीव्र समजावी. कुपोषित मुलात मात्र ही खूण फसवी ठरते. सर्वांत मोलाची खूण वागण्यात दिसते. चिडचिड करणारे, भांड्यावर झडप घालून पाणी पिणारे मूल आजारी आहे, पण त्याची तहान शाबूत आहे. तेच मूल मलूल पडले, पाणी तोंडाला लावले तरी गिळेना, तर त्याला ‘शांत झोप लागली’ असे समजणे जिवावर बेतते.

वृद्धांत तहानेची जाणीवच मंदावते आणि वयाने सैल झालेली कातडी काही सांगत नाही. सुकलेली जीभ, कमी लघवी आणि अचानक आलेला गोंधळलेपणा पाहावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिक जपावे. कामाच्या जागीही हा धोका असतो: लघवीला आडोसा नसल्याने ऊसतोडीच्या फडावर आणि बांधकामावर अनेक बाया दिवसभर पाणी टाळतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग व मूतखडे जडतात. हा दोष त्यांच्या सवयीचा नाही, सोय न करणाऱ्यांचा आहे.

सौम्य व मध्यम जलशुष्कतेवर जलसंजीवनी (ओआरएस) पुरेशी असते. लहान आतडे ग्लुकोजबरोबर सोडियम शोषते आणि त्यांच्यामागून पाणी आत येते, हे तिचे तत्त्व. १९७१ मध्ये बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रव अपुरे पडल्यावर हे मिश्रण नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ ढवळावे. गोड शीतपेये इथे चालत नाहीत. जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. जुलाबात पाणी व अन्न बंद करण्याची जुनी रीत घातक आहे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

सहा ते आठ तास लघवी नाही, सतत उलट्या, शौचातून रक्त, गुंगी किंवा गिळता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्यावे, आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर वाटेतही घोटघोट पाजत राहावे.