आजाऱ्याचे दात कोणी घासायचे?

ताप आला की घरोघर दोन गोष्टींची सूट मिळते : आंघोळीची आणि दात घासण्याची. बुलढाणा जिल्ह्यात बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या काडीने दात घासणारी जुनी माणसेही आजारपणात काडी बाजूला ठेवत. या सवलतीला जुना आधार आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दमा, खोकला, ताप असणाऱ्यांना, तोंड आलेल्यांना दातवण वर्ज्य सांगितले आहे. अशक्त माणसाला ठसका लागेल, हिरडी सोलवटेल, असा विचार त्यामागे असावा. मग त्याचे तोंड स्वच्छ कसे राहायचे? चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले, त्यांत पहिला शुश्रूषेचे ज्ञान आणि शेवटचा स्वच्छता.

फार काळ रुग्णाचे तोंड पुसणे म्हणजे त्याला बरे वाटावे म्हणून केलेली सेवा, एवढेच मानले गेले. 1969 साली अमेरिकेत जोहान्सन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घशातील जंतू तपासले. निरोगी माणसात क्वचित सापडणारे काही जंतू आजार जितका गंभीर तितके अधिक वेळा सापडले. नुसते रुग्णालयात राहिल्याने तसे होत नव्हते. 1992 साली स्कॅनापिएको यांनी अतिदक्षता विभागातले 34 रुग्ण पाहिले. 22 जणांच्या तोंडात फुफ्फुसांना बाधा करणारे जंतू होते. दातांच्या दवाखान्यात आलेल्या 25 जणांत असे फक्त 4.

असे का होते? व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. तोंड उघडे राहते, लाळ सुकते, गिळणे थांबते. दातांवर चिकट थर साचतो आणि जंतूंनी भरलेली लाळ नळीच्या कडेने खाली झिरपते. पुढचे नाव न्यूमोनिया.

मग औषध आले. 1996 साली हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत क्लोरहेक्झिडीनने तोंड धुतल्यावर श्वसनमार्गाचे संसर्ग बरेच घटले, आणि जगभरच्या वॉर्डांत त्याची बाटली पोहोचली. 2014 साली अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर इतर रुग्णांत तो फायदा स्पष्ट दिसेना. मृत्यू वाढत असावेत अशीही शंका आली. 2023 साली 15 प्रयोगांच्या एकत्रित तपासणीत दिसले की साध्या ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या, न्यूमोनिया कमी होतो. थर खरवडल्याशिवाय निघत नाही, हे कोणत्याही आजीला ठाऊक होते!

मार्च 2020 मध्ये बुलढाण्यात करोनाने पहिला मृत्यू झाला. त्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर वाढले, पण यंत्राबरोबर ब्रश येत नाही. तो सिस्टरने मागावा लागतो, आणि मागण्यासाठी कारण ठाऊक असावे लागते. डोके उंच, ब्रश मऊ, लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी हाताशी. वाग्भटाच्या ठसक्याची काळजी इथेही घ्यावीच लागते. एका खाटेला पाचेक मिनिटे पुरतात. रात्रपाळीला एका सिस्टरकडे खाटा किती, यावर ती मिळतात की नाही हे ठरते.