हद्दपारीचा हुकूम आणि शासनाचे दोन आवाज



स्मृतिव्याख्यानासाठी मी मुंबईच्या पदपथवासीयांचा विषय निवडला, याचे कारण आपण इंदूरकर मराठी माणसे स्वतःच स्थलांतरितांचे वंशज आहोत. होळकरांच्या आश्रयाने आपले पूर्वज येथे आले व येथलेच झाले.

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी घोषणा केली की, मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी अथवा शहराबाहेर धाडण्यात येईल. तेव्हा ऐन पावसाळा होता. २३ जुलैला झोपड्या मोडल्या आणि माणसे एस.टी.च्या गाड्यांत बसविली गेली. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांत एक तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर होता, तर दुसरा खुद्द महाराष्ट्रातील संगमनेरचा. महाराष्ट्राच्या राजधानीत महाराष्ट्रीयही परका ठरला होता!

न्यायालयात मात्र त्याच शासनाने प्रतिज्ञेवर सांगितले की, कोणालाही हद्दपार करण्याचा विचार नव्हता. ज्यांनी लेखी इच्छा दर्शविली, त्यांनाच प्रवासखर्च दिला. घोषणा एक, प्रतिज्ञापत्र दुसरे. या विसंगतीचे मूळ, माझ्या मते, राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे. भारतात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क नागरिकाला देणाऱ्या या तरतुदीपुढे हद्दपारीचे उघड समर्थन करणे अशक्य होते.

१० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे त्यात मान्य झाले. तथापि १८८८ च्या कायद्यान्वये पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही अबाधित राहिला. पावसाळ्यामुळे ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा देण्याचे ठरले. तत्त्व जिंकले, पण पुष्कळांचे छप्पर असुरक्षितच राहिले.

याच सुमारास, १९८४ साली, आपल्या मध्य प्रदेशात अर्जुनसिंह यांच्या शासनाने निराळा मार्ग धरला. १० एप्रिल १९८४ रोजी शासकीय जमिनीवर राहत असलेल्या शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा झाला. पक्ष एकच, राज्ये शेजारची. एकाने गाडीत बसविले, दुसऱ्याने जमिनीचा कागद हाती दिला.

शहरात दाटी होते, पदपथ चालणाऱ्यांसाठी असतात, हे नाकारता येत नाही. परंतु जो शहराची कामे करतो, त्याला ‘नकोसा’ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या विजयनगरच्या रस्त्यांवरही उभा आहे. त्याचे उत्तर देताना, आपले पूर्वजही एके काळी येथे नवखेच होते, याचे स्मरण असावे, एवढीच प्रार्थना.